बटाट्याचे मलईदार सॅलड

बटाट्याचे मलईदार सॅलड : उकडलेल्या बटाट्याच्या फोडी मेयोनेजमध्ये किंवा तशाच घट्ट, आंबटसर मिश्रणात कालवून केलेला आणि थंड करून खाल्ला जाणारा पदार्थ. कांदा, उकडलेले अंडे, मोहरीची पेस्ट, व्हिनेगरमध्ये मुरवलेली काकडी आणि सेलरीचे दांडे हे त्याचे नेहमीचे सोबती. उत्तर जर्मनी, अमेरिका, रशिया आणि जपान येथे तो रोजच्या घरगुती स्वयंपाकातला आहे. महाराष्ट्रात त्याची ओळख बहुतेकांना लग्नाच्या बुफेतील ‘रशियन सॅलड’मुळे झाली. त्यात मेयोनेज इतके असे की बटाटा शोधावा लागे. मेयोनेज वाढवले की सॅलड मलईदार होते, हा समज त्यातूनच रुजला असावा. प्रत्यक्षात सॅलडला दाटपणा येतो तो फोडींच्या कडा किंचित विरघळून मिश्रणात मिसळल्यामुळे. म्हणून या पदार्थात बटाटा कोणता घेतला आणि तो कसा उकडला, यालाच जास्त महत्त्व आहे.

बटाट्याची निवड : बटाट्यात शुष्कांश, म्हणजे मुख्यतः स्टार्च, जास्त असेल तर तो शिजल्यावर पिठूळ होऊन फुटतो, कमी असेल तर फोड अखंड राहते. सॅलडला दुसरा प्रकार हवा. भारतीय वाणांपैकी ‘कुफरी पुखराज’मध्ये शुष्कांश कमी असतो. वेफर्ससाठी तयार केलेल्या ‘कुफरी चिपसोना’ गटात तो मुद्दाम जास्त राखलेला असतो, त्यामुळे त्याचे सॅलड ढवळता ढवळता भाजीसारखे होते. पण मंडईत वाणाचे नाव सांगून बटाटा सहसा मिळत नाही. तिथे नवा, जुना आणि वेफर्सचा एवढेच भेद चालतात. हिवाळ्याच्या अखेरीस येणारा पातळ सालीचा नवा बटाटा सॅलडला सर्वांत चांगला. शंका असल्यास एक भाग मीठ आणि अकरा भाग पाणी असे द्रावण करून त्यात बटाटा सोडावा. पिठूळ बटाटा बुडतो, घट्ट राहणारा तरंगतो. शीतगृहात फार थंड राहिलेल्या बटाट्यातील काही स्टार्चची साखर होते. उपवासाच्या भाजीत जाणवणारी गोडूस चव ती हीच, आणि सॅलडमध्ये मोहरी-व्हिनेगरही ती पूर्ण झाकू शकत नाहीत. हिरवट डाग पडलेला किंवा कोंब आलेला बटाटा घेऊ नये. त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते.

उकडणे : मराठी घरात बटाटा उकडायचा म्हणजे कुकर लावायचा. वडे, पराठे आणि पिवळी भाजी यांना ते ठीकच आहे, कारण तिथे बटाटा कुस्करायचाच असतो. सॅलडला मात्र कुकर शत्रू. तीन शिट्ट्यांत साल तडकते, बाहेरचा थर पाण्याने फुगतो आणि चिरताना फोड सुरीला चिकटते. बटाटे उघड्या पातेल्यात, गार पाण्यात घालून शिजवायला ठेवावेत. उकळत्या पाण्यात टाकले तर आतले शिजेपर्यंत बाहेरचे गळून जाते. पाण्यात लिटरमागे सुमारे १० ग्रॅम मीठ हवे, कारण थंड पदार्थात मीठ नंतर वरून भुरभुरले तर ते फोडीच्या आत पोहोचत नाही. त्याच पाण्यात लिटरमागे चमचाभर व्हिनेगर घालण्याची युक्ती तर फारच उपयोगी. वनस्पतीच्या पेशी पेक्टिनमुळे एकमेकींना धरून असतात आणि आम्लात पेक्टिन हळू विरघळते. त्यामुळे दोन मिनिटे जास्त शिजले तरी फोड ढासळत नाही. सोलून, पाऊण इंचाच्या फोडी करून शिजवल्यास उकळी आल्यावर साधारण आठ-दहा मिनिटे पुरतात. सुरीचे टोक विनासायास आत जावे, पण फोड दुभंगू नये, एवढीच खूण धरावी.

पाणी निथळल्यावर फोडी पसरट ताटात काढून, वाफ जिरण्याआधीच त्यांवर व्हिनेगर शिंपडावे. एक किलो बटाट्यांना दोन मोठे चमचे. गरम बटाटा आंबटपणा शोषून घेतो. थंड झाल्यावर त्यातील स्टार्च पुन्हा घट्ट बसतो आणि मग व्हिनेगर बाहेरच राहते. मेयोनेजचा नियम बरोबर उलटा. तेलाचे बारीक थेंब पाण्यात विखरून राहिलेले ते पायस असते आणि अंड्याच्या बलकातील लेसिथिन त्या थेंबांना एकत्र येऊ देत नाही. गरम फोडींवर ते घातले की पायस फुटते आणि ताटाच्या तळाशी तेल साचते. आंबट गरम असताना, स्निग्ध गार झाल्यावर. हे दोन क्षण साधले, तर बाकी जिनसांत थोडे उणेअधिक झाले तरी चालते.

मेयोनेज : घरी एका बलकाला मोहरीची पेस्ट, मीठ आणि व्हिनेगर लावून त्यात दीडशे मिलीपर्यंत वास नसलेले तेल, आधी थेंबाथेंबाने आणि मग धारेने, घोटत जावे. शेंगदाण्याचे घाण्याचे तेल आपली चव सोडत नाही, म्हणून ते इथे नको. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जिवाणूंचा धोका असतो. याच कारणाने तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर एक वर्षाची बंदी घातली. शाकाहारी घरांत यावर सोपा उपाय आहे. १०० मिली थंड दूध आणि २०० मिली तेल उभ्या भांड्यात घेऊन हँड ब्लेंडरने फिरवावे. दुधातील केसीन हे प्रथिन बलकाचे काम करते आणि मिनिटाभरात मिश्रण घट्ट होते. लिंबू आणि मोहरी त्यानंतर घालायची. निम्म्या मेयोनेजऐवजी पाणी निथळलेला चक्का वापरला तर सॅलड हलके होते आणि माझ्या मते चवीलाही सरस लागते. नुसत्या दह्याने मात्र पाणी सुटते.

एक किलो बटाट्यांना २०० ग्रॅमच्या आसपास मेयोनेज, तीन-चार कडक उकडलेली अंडी, एक लहान कांदा, काकडीच्या लोणच्याचे काही तुकडे आणि एक चमचा मोहरीची पेस्ट एवढे प्रमाण धरावे. सेलरी न मिळाल्यास कोवळी काकडी बिया काढून घ्यावी. कांदा बारीक चिरून पाच मिनिटे पाण्यात ठेवला की त्याचा उग्रपणा जातो. सर्व जिन्नस उलथन्याने खालून वर असे हलक्या हाताने कालवावेत. कडा आपोआप थोड्या मोडतात, आणि तेवढ्याच मोडायला हव्या असतात. तासभर फ्रिजमध्ये मुरल्यावर चव पुन्हा पाहावी. थंडपणात मीठ आणि आंबट दोन्ही कमी जाणवतात.

देशोदेशीचे प्रकार : जर्मनीत या सॅलडवरून उत्तर-दक्षिण अशी दुफळी आहे. उत्तरेत मेयोनेज, दक्षिणेत, तसेच ऑस्ट्रियात, मांसाचा गरम रस्सा, व्हिनेगर आणि तेल. अनेक घरांत नाताळच्या आदल्या रात्रीचे जेवण म्हणजे सॉसेज आणि हे सॅलड. जर्मन स्थलांतरितांबरोबर ते अमेरिकेत गेले. रिचर्ड हेलमन या जर्मन स्थलांतरिताने १९०५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तयार खाद्यपदार्थांचे दुकान काढले आणि १९१२ च्या सुमारास आपले मेयोनेज बरण्यांत भरून विकायला सुरुवात केली. बरणीतले मेयोनेज घरोघर पोहोचले आणि अमेरिकी सॅलड कायमचे पांढरे झाले. रशियन सॅलडचा उगम मॉस्कोच्या हर्मिटाज उपाहारगृहात आहे. तेथील आचारी ल्युसियाँ ऑलिव्हिए याने १८६० च्या दशकात ते प्रसिद्धीला आणले. त्यात रानपाखरांचे मांस आणि नदीतले झिंगे असत. सोव्हिएत काळात त्यांची जागा सॉसेज, वाटाणा आणि गाजराने घेतली, आणि ते नववर्षाच्या रात्रीचे ठरलेले पक्वान्न झाले. जपानमध्ये बटाटा अर्धवट कुस्करून त्यात मीठ लावून पिळलेली काकडी घालतात. १९२५ पासून विकले जाणारे तेथील क्यूपी मेयोनेज फक्त बलकाचे असल्याने त्याची चव अधिक गडद असते. गोव्यातील ख्रिस्ती घरांच्या समारंभांत हे सॅलड सोरपोतेलसारख्या तिखट पदार्थांशेजारी वाढतात, आणि ती जोडी अगदी जमून येते. दही, मिरची, जिरे आणि दाण्याचे कूट घातलेली बटाट्याची कोशिंबीर ही महाराष्ट्रातील स्वतंत्र चाल. ती या कुळातली नव्हे. मात्र दही फोडी गार झाल्यावरच घालायचे, हे तिथेही पाळतात.

टिकाऊपणा : सहलीत सॅलड बाधले तर दोष बहुधा मेयोनेजला दिला जातो. बरणीतले मेयोनेज आम्लधर्मी असल्याने त्यात जिवाणू सहजी वाढत नाहीत. ते वाढतात उकडलेल्या बटाट्यात आणि अंड्यात. बाहेर हे सॅलड दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि ३२ अंश सेल्सियसच्या वर तापमान असेल, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात, एक तासच. फ्रिजमध्ये झाकून तीन-चार दिवस टिकते. फ्रीझरमध्ये ठेवल्यास पायस फुटते, बटाटा स्पंजासारखा होतो आणि वितळल्यावर पाणी सोडतो.