हशाला लागणारा उजेड

शोकनाट्याला एक दिवा पुरतो. विनोदाला सारे घर उजळावे लागते. दुःखी नायकाचा अर्धा चेहरा काळोखात बुडाला तर प्रेक्षक अधिकच हळहळतो. पण धावत सुटलेला विनोदी नट अंधाऱ्या कोपऱ्यात शिरला, की हसू तिथेच विझते. त्याचे अडखळणारे पाय, मागे लागलेला शिपाई आणि टेबलाखाली दडलेला नोकर ही सारी एकाच वेळी दिसली पाहिजेत. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुलांची प्रहसने बसवताना मला हे दरवर्षी पटते.

मोठे दालन उजळण्यात निसर्गाचा एक नियम आडवा येतो. दिव्यापासून दुप्पट दूर गेले की उजेड चौथाई उरतो. तिप्पट दूर गेले की नववा हिस्सा. म्हणजे दिवे वाढवा, नाही तर नटाला एका जागी खिळवा. पहिल्याला पैसा लागतो, दुसऱ्याने विनोद मरतो. सूर्य मात्र इतका लांब, की दालनाच्या या टोकाला आणि त्या टोकाला त्याचे दान सारखेच.

म्हणून आरंभीच्या चित्रकर्त्यांनी घराचे छप्परच काढून टाकले. मॅक सेनेटची कीस्टोन कंपनी 1912 साली लॉस एंजेलिसजवळ विनोदी चित्रे काढू लागली, तेव्हा ‘आतले’ प्रसंग उघड्या आभाळाखालीच घेतले जात. दोन-तीन भिंती, खाली लाकडी जमीन, आणि वर ताणलेले पातळ पांढरे सुती कापड. ऊन त्या कापडातून गाळून येई आणि सावल्यांची धार बोथट होई. 1914 मध्ये चॅप्लिन पडद्यावर प्रथम आला तो याच कंपनीच्या चित्रात. आपल्याकडेही 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्रा’चा राजवाडा दादरच्या उन्हातच उजळला, सरस्वतीबाई फाळके पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभ्या राहत, असे सांगितले जाते.

पुढे बोलपट आला. आवाजासाठी भिंती जाड झाल्या, छप्पर परत आले आणि सूर्य बाहेर राहिला. कार्बनचे दिवे गुणगुणत, म्हणून तंतूंचे दिवे पुढे सरसावले. दालने उजळली खरी, पण त्यात वीज, माणसे आणि पैसा जाऊ लागला. शिवाय एकेका माणसामागे तीन-तीन सावल्या नाचू लागल्या.

यातून 1956 साली कलकत्त्यात एका तरुण छायालेखकाने वाट काढली. ‘अपराजितो’साठी बनारसच्या घराचा चौक उघड्यावर उभारायचा होता, पावसाच्या भीतीने तो बंद स्टुडिओत बांधावा लागला. सुब्रत मित्र यांनी चौकावर पांढरे कापड ताणले, दिवे खाली ठेवून त्यांचे झोत कापडावर सोडले, आणि तिथून परतलेला उजेड आभाळासारखा चौकभर पसरला. कीस्टोनच्या कापडावर वरून सूर्य पडत होता. इथे त्याच जातीच्या कापडावर खालून दिवे पडले. दोन वर्षांनी ‘परशपाथर’ हा विनोदी चित्रपटही मित्र यांनीच टिपला.

या साऱ्या उलाढालीत मला एक मोठी गोष्ट दिसते. नायकावर झोत टाकणारा उजेड इतरांना काळोखात ठेवतो. कापडातून आलेला उजेड मात्र शेठ आणि शेठच्या अंगावर चहा सांडणारा पोऱ्या यांत भेद करीत नाही. गरिबीतून निघालेल्या या युक्तीने दालनातल्या सर्वांत क्षुल्लक माणसालाही दिसण्याचा हक्क मिळवून दिला. विनोदाला लोकशाहीची गरज असते, ती अशी.