आठ रुपयांचा शिपाई, आठ तासांचा दिवस

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. घरोघर पणत्या लागलेल्या, दुकानांतून चोपड्यांची पूजा मांडलेली, आणि रविवार कारंज्याच्या गर्दीत खांद्याला खांदा घासत माणसांचा पूर वाहतो आहे. त्या पुराच्या मध्यभागी एक खाकी कपड्यांतला माणूस सकाळपासून उभा असतो. आपण त्याला वाट विचारतो, क्वचित त्याच्याशी हुज्जत घालतो आणि फराळाच्या ओढीने घरी येतो. पोलीस लाइनीतल्या त्याच्या घरीही पणती लागलेली असते. मुले फटाक्यांची पिशवी राखून बाबांची वाट पाहत असतात, आणि बाबा येतात तेव्हा ती झोपी गेलेली असतात.

हा माणूस या जागी कसा आला? त्याला कोणी निवडले, काय शिकवले, किती पगार दिला, वर चढायला शिडी ठेवली की नाही? हल्ली या साऱ्याला ‘मनुष्यबळाचे व्यवस्थापन’ असे भारदस्त नाव आहे. आपले वाडवडील त्याला नुसते ‘माणसे सांभाळणे’ म्हणत. आपल्या पोलिसांत माणसे कशी सांभाळली गेली, याचा इतिहास दीडशे वर्षांहून अधिक जुना आहे, आणि त्यातला एक मोठा धडा आपल्या नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावरच गिरवला गेला. म्हणून सणाच्या दिवशी हा विषय काढण्याचे धाडस करतो आहे.

जुन्या काळी गावाची राखण गावच करी. पाटील हा मुख्य. त्याच्या हाताखाली जागल्या, कुठे रामोशी, कुठे भिल्ल. चोरी झाली की जागल्याने चोराच्या पावलांचा माग काढायचा आणि तो शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोचवायचा. तिथून पुढची जबाबदारी त्या गावाची. या व्यवस्थेत दोष पुष्कळ होते, पण एक गोष्ट पक्की होती. राखणदार आणि राखले जाणारे एकमेकांना नावाने ओळखत.

कंपनी सरकार आले आणि ही ओळख तुटली. १८४३ साली सर चार्लस् नेपियरने सिंध घेतला आणि तिथे आयर्लंडच्या धर्तीवर एक नवे पोलीस दल उभे केले. लष्कराहून वेगळे, पण कवायत, गणवेश आणि शिस्त लष्करी. आयर्लंडातले ते दल रयतेच्या सेवेपेक्षा रयतेला धाकात ठेवण्यासाठी उभारलेले होते, हे लक्षात ठेवावे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी सिंधमधला हा प्रयोग पाहिला, आणि १८५३ मध्ये मुंबई इलाख्यात जिल्ह्याजिल्ह्याला स्वतंत्र पोलीस सुपरिंटेंडेंट आला. सत्तावनच्या उठावानंतर १८६१ चा पोलीस कायदा झाला. आपल्या इलाख्याचा स्वतंत्र कायदा १८९० चा. या कायद्यांनी साहेबाचे अधिकार, शिपायाची कर्तव्ये आणि शिपायाच्या शिक्षा बारकाईने लिहून काढल्या. पण शिपाई खातो काय, राहतो कुठे आणि शिकतो काय, हे प्रश्न कोणाला पडल्याचे दिसत नाही.

फळ जसे यायचे तसेच आले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस कमिशन नेमले. सरकारनेच नेमलेले हे कमिशन. ते सरकारी खात्याची बाजू सावरील असे कोणालाही वाटले असते. पण त्याने आरसाच पुढे धरला. पोलीस अकार्यक्षम आहेत, त्यांचे शिक्षण आणि संघटना सदोष आहे, देखरेख अपुरी आहे, आणि लोक त्यांना लाचखाऊ व जुलमी समजतात, असा त्याच्या अहवालाचा आशय होता. शिपायाचा पगार दरमहा निदान आठ रुपये असावा, अशी शिफारसही त्याने केली. आठ रुपये ‘निदान’ म्हणून मागावे लागले, यावरून आधीची स्थिती काय असेल ती वाचकांनी ताडावी. ज्याला पोटापुरते द्यायचे नाही आणि हातात मात्र काठी व अधिकार द्यायचा, तो उरलेले कुठून भरून काढणार, हे समजायला कमिशनची गरज नव्हती; पण सरकारला ते कमिशनकडूनच ऐकावे लागले.

फ्रेझर साहेबांनी सुचवलेला मोठा उपाय म्हणजे शिकलेला फौजदार. ठाण्याचा अंमलदार थेट भरतीने घ्यावा, सुशिक्षित घरचा घ्यावा आणि त्याला प्रांताच्या शाळेत रीतसर तयार करावे. त्यानुसार १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्यास, म्हणजे आजच्या शिवाजीनगरास, पोलिसांची शाळा निघाली आणि १९०९ मध्ये ती नाशिकला आली. पुढे तिचे महाविद्यालय झाले, आणि आज ती महाराष्ट्र पोलीस अकादमी म्हणून ओळखली जाते. गेली शंभराहून अधिक वर्षे मराठी घरांतून ‘मुलगा नाशिकला ट्रेनिंगला आहे’ हे वाक्य ज्या अभिमानाने उच्चारले जाते, त्याचा उगम हा असा आहे.

शाळा आली ते साल मोठे विलक्षण होते. त्याच १९०९ च्या २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे या तरुणाने गोळ्या झाडल्या. पुढे १९३० च्या मार्चमध्ये याच गावात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दारे बंद आणि दारांवर पोलीस. देशासाठी उठलेला तरुण समोर, माणुसकीचा हक्क मागणारा बांधवही समोर, आणि मध्ये उभा राहणारा शिपाईही इथलाच. त्याला कवायत शिकवलेली होती. समोरच्या माणसाकडे कसे पाहावे, हे शिकवण्याची गरज मात्र राज्यकर्त्यांना नव्हती.

इथेच फ्रेझर कमिशनच्या विचारातली गोम आहे. त्याने फौजदाराला मेंदू दिला, पण शिपायाला केवळ हातपाय मानले. पहारा, कैद्यांची ने-आण, गस्त अशी ठरीव, यंत्रवत कामे शिपायाने करावीत आणि विचार वरच्याने करावा, ही त्याची वाटणी होती. शिपायातून फौजदार होण्याची वाटही त्याने अगदी अरुंद ठेवली. थोडक्यात, नाशिकची शाळा ज्या कल्पनेतून जन्मली, तिच्यात शिपायाला जवळजवळ प्रवेश नव्हता.

स्वातंत्र्य आले. मुंबई प्रांताला ना. म. कामटे यांच्या रूपाने पहिला भारतीय इन्स्पेक्टर जनरल मिळाला. १९५१ मध्ये नवा मुंबई पोलीस कायदा झाला; तोच आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून लागू आहे. साहेब बदलला, राजा बदलला. शिपायाचा दिवस मात्र तितकाच लांब राहिला. १९७१ मध्ये केंद्र सरकारने पोलीस-शिक्षणासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद टाटा समाजविज्ञान संस्थेचे प्रा. म. स. गोरे यांच्याकडे दिले. पोलिसांचे शिक्षण कसे असावे हे एका समाजशास्त्रज्ञाला विचारले गेले, ही लहान गोष्ट नव्हे. कायदा आणि कवायत यांच्याइतकेच वृत्तीचे शिक्षण महत्त्वाचे आहे, हा १९७३ च्या त्या अहवालाचा गाभा.

पुढे १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग बसला. त्याने फेब्रुवारी १९७९ मध्ये दिलेला पहिलाच अहवाल मुख्यतः शिपायाविषयी होता. पाऊणशे वर्षांपूर्वीची ती यंत्रवत कामाची कल्पना त्याने स्वच्छ शब्दांत नाकारली. लोकांना सरकार भेटते ते शिपायाच्या रूपाने, आणि रस्त्यावरचा निर्णय त्यालाच क्षणात घ्यावा लागतो; तेव्हा त्याची निवड, शिक्षण, घर, पगार आणि गाऱ्हाणी यांचा विचार आधी व्हावा, असे आयोगाचे म्हणणे. शिपाई आठवड्याचे सातही दिवस रोज दहा ते सोळा तास राबतो, हेही त्या वेळी आकड्यांनिशी नोंदले गेले.

अहवाल कपाटात गेले आणि असंतोष रस्त्यावर आला. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईत पोलीस शिपायांनीच बंड केले. त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली गेली, पुढाऱ्यांना पकडले, शहरात जाळपोळ झाली आणि लष्कर बोलवावे लागले. शस्त्रधारी दलाने संप करावा की नाही याविषयी दुमत असू शकेल; माझ्या मते तो करू नये. पण ज्याला संपाचा मार्ग बंद आहे, त्याचे ऐकून घेण्याचा मार्ग दुप्पट रुंद हवा. घरातला अबोल माणूस एकदम ताट आपटतो, तेव्हा दोष एकट्या त्याचा नसतो.

तरीही काहीच बदलले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९४ च्या महिला धोरणानंतर तीस टक्के राखीव जागांमुळे ठाण्याचा चेहरा बदलू लागला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात बदल्या-बढत्यांसाठी आस्थापना मंडळे नेमण्याचा आदेश दिला, आणि २०१४ मध्ये महाराष्ट्राने आपल्या कायद्यात तशी दुरुस्ती केली. फौजदाराच्या निम्म्या जागा सरळ भरतीने आणि उरलेल्या विभागीय परीक्षेने व ज्येष्ठतेने भरण्याची रीत इथे दीर्घकाळ चालली. त्यामुळे भरतीच्या वेळी शिपाई असलेली कितीतरी मुले पुढे नाशिकच्या त्याच मैदानावर दीक्षान्त संचलनात उभी राहिली. फ्रेझर साहेबांनी अरुंद ठेवलेले दार असे हळूहळू रुंदावत गेले. आणि शिपाई वर्गातला माणूस केवळ हातपाय नसतो, हे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी दाखवून दिले. नुसत्या काठीनिशी पुढे होऊन बंदुकीची नळी धरण्याचा हुकूम त्यांना कोणी दिला नव्हता.

राहता राहिला तो वेळेचा प्रश्न. २०१४ च्या एका देशव्यापी पाहणीत दोनतृतीयांशांहून अधिक ठाणेप्रमुखांनी आपल्या माणसांचा दिवस अकरा तास किंवा त्याहून मोठा असल्याचे सांगितले. मनुष्यबळच कमी, तेव्हा तीन पाळ्या कशा लावणार, हे ठरलेले उत्तर. मग मे २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात एक गंमत झाली. तिथल्याच एका शिपायाने, आहे त्याच माणसांत आठ तासांच्या पाळ्या कशा बसतील, याचे वेळापत्रक मांडले. आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी ते ऐकून घेतले, करून पाहिले, आणि २०१७ च्या जानेवारीपासून मुंबईच्या इतर ठाण्यांतही ते नेले. हे वेळापत्रक सर्वत्र आणि सर्वकाळ टिकले असे नाही; निवडणूक, सण, साथ आली की घड्याळ पुन्हा जुन्या चालीवर जाते. पण त्यातला खरा धडा तासांचा नाहीच. इतकी कमिशने बसली, शेकडो पानांचे अहवाल निघाले, आणि बिकट कोडे सुटले ते ज्याला फक्त हातपाय मानले होते त्याच्या डोक्याने.

माणसे सांभाळणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते? पोटापुरते द्यावे, शिकवावे, शिडी ठेवावी, आणि त्याला बोलू द्यावे. पहिल्या तीन गोष्टींना पैसे लागतात. चौथीला लागतो तो फक्त वरच्याचा कान. नेमकी तीच आपल्याकडे सर्वांत उशिरा आली.

यंदा रविवार कारंज्यावर तो दिसला, तर वाट विचारण्याआधी ‘जेवलात का, हवालदार?’ एवढे विचारून पाहा. आणि सरकारचा कारभार ज्यांच्या हाती आहे, त्यांनी त्याला आणखी एक प्रश्न विचारावा: ‘घरी किती वाजता जाणार?’ त्याचे उत्तर भाऊबिजेच्या ओवाळणीआधी येऊ लागले, की पोलीस खाते आधुनिक झाले असे खुशाल समजावे.