जलमापनाची परिभाषा : वर्षमानापासून निरीक्षण-विहिरीपर्यंत

पाण्याच्या मोजमापाचा इतिहास हा सामान्यतः उपकरणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पर्जन्यमापक कधी आला, नदीवर प्रवाहमापन केंद्र कधी उभे राहिले, विहिरीत फीत केव्हा सोडली गेली, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की विषय पुरा झाला असे मानण्याची प्रथा आहे. परंतु प्रत्येक मोजमापाच्या पाठीशी दोन गोष्टी उभ्या असतात. एक म्हणजे मोजणाऱ्याचा हेतू. दुसरी म्हणजे मोजलेल्या वस्तूला दिलेले नाव. हेतू बदलला की नोंदीची जागा बदलते आणि नावाचा अर्थ चुकला की आकडा चुकतो. महाराष्ट्रातील भूपृष्ठावरील व भूपृष्ठाखालील पाण्याच्या अभ्यासाचा इतिहास या दृष्टीने पाहिला असता त्यातील काही अनुत्तरित प्रश्न स्पष्ट होतात.

या इतिहासाचा आरंभ कौटिलीय अर्थशास्त्रापासून करावा लागतो. या ग्रंथाच्या कालाविषयी मतभेद असले, तरी त्यातील पर्जन्यमापनाचा उल्लेख भारतातील अतिप्राचीन उल्लेखांपैकी आहे यात शंका नाही. एक अरत्नी रुंदीच्या तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजावा, असे तेथे सांगितले असून त्या कुंडास ‘वर्षमान’ ही संज्ञा दिली आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हे कुंड कोष्ठागारात, म्हणजे धान्याच्या सरकारी कोठारात ठेवावयाचे आहे. पावसाच्या आकड्याचे प्रयोजन पेरणी आणि महसूल यांच्याशी निगडित होते, हे त्या जागेवरूनच कळते. याच ग्रंथात सिंचनासाठी घ्यावयाचा ‘उदकभाग’ही दिलेला आहे. हाताने पाणी आणल्यास उत्पन्नाचा पाचवा हिस्सा, खांद्यावरून आणल्यास चौथा, यंत्राने चढविल्यास तिसरा, असे त्याचे प्रमाण आहे. येथे पाणी प्रत्यक्ष मोजलेलेच नाही; पाणी उचलण्याची रीत हेच त्याचे माप ठरले आहे.

अर्थशास्त्रात निरनिराळ्या देशांचे पर्जन्यमान द्रोण या मापात दिले आहे. त्यांपैकी दोन प्रदेशांचा महाराष्ट्राशी साक्षात् संबंध आहे. गोदावरीकाठच्या अश्मक देशासाठी ‘अर्धत्रयोदश’ हा आकडा दिला आहे, तर अपरान्तासाठी, म्हणजे कोकणासाठी, ‘अमित’ एवढाच शब्द आहे. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस त्या कुंडात मावणारा नव्हता, हे त्या एका विशेषणाने सांगितले.

‘अर्धत्रयोदश’ या पदाचा अर्थ मात्र बारकाईने पाहावा लागतो. शामशास्त्री यांच्या १९१५ च्या इंग्रजी भाषांतरात तो ‘साडेतेरा’ असा केला आहे. संस्कृतातील अपूर्णांकवाचक समासांची रीत ध्यानात घेतली, तर हा अर्थ टिकत नाही. ‘अर्धतृतीय’ म्हणजे ज्यातील तिसरा अर्धा आहे तो, अर्थात् अडीच. मराठी ‘अडीच’ हा शब्द त्याच समासातून प्राकृताच्या द्वारे आला. ‘अर्धचतुर्थ’ म्हणजे साडेतीन. त्यातूनच ‘औट हात’ या जुन्या प्रयोगातील ‘औट’ निघाला. बौद्ध संस्कृत सूत्रांच्या आरंभी भिक्षुसंघाची जी संख्या ‘अर्धत्रयोदश’ शते अशी येते, ती साडेबाराशेच मानली जाते. त्याच न्यायाने अश्मकाचे पर्जन्यमान साडेबारा द्रोण होते. दोन अर्थांतील फरक एका द्रोणाचा, म्हणजे शेकडा आठाचा आहे. पाऊस कोणी चुकीचा मोजला नव्हता. शब्द चुकीचा वाचला गेला, आणि त्यामुळे आकडा बदलला.

भूपृष्ठाखालील पाण्याविषयीचे प्राचीन ज्ञान वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील ‘दकार्गल’ या अध्यायात आढळते. हा ग्रंथ सहाव्या शतकातील आहे. वृक्ष, वारुळे, मातीचा रंग आणि खडक या खुणांवरून पाण्याच्या ‘शिरा’ कोठे व किती खोल सापडतील, याचे विवेचन त्यात आहे. त्यातील खोलीचे माप ‘पुरुष’ हे होय. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची असा त्याचा अर्थ घेतला जातो. मराठीत विहिरीची खोली सांगताना येणारा ‘परस’ हा शब्द याच ‘पुरुष’ शब्दाचा वंशज आहे. परंतु ‘विहीर सात परस आहे’ या वाक्यात मोजला जातो तो खड्डा. त्यातील पाणी नव्हे. पाणी आश्विनात काठाजवळ असते आणि वैशाखात तळाशी जाते. परस मात्र सातच राहतात.

महसुली व्यवस्थेनेही हीच दृष्टी पुढे चालविली. बागायत जमिनीचे ‘मोटस्थळ’ आणि ‘पाटस्थळ’ असे दोन वर्ग दप्तरांत रूढ होते. पाणी कोणत्या साधनाने येते यावर ते वर्ग आधारलेले होते. पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीत पाण्याची वाटणी काटेकोर होती. बंधारा, पाट, चारी, सारंग आणि जादा पाणी बाहेर काढणारी सांडम अशी तिची स्वतंत्र परिभाषाही होती. तथापि तेथील माप हे क्षेत्राचे व पाळीचे होते. पाटातून किती पाणी गेले याची नोंद ठेवण्याची गरज पाटकऱ्यास भासत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन कायद्यांनी या विषयाची पुढील दिशा ठरविली. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे अधिनियमान्वये अधिसूचना काढून नदीचे पाणी कालव्यासाठी वापरण्याचा अधिकार सरकारला मिळाला. याउलट १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाने, निश्चित प्रवाहाच्या रूपाने न वाहणारे जमिनीखालील पाणी जमीनमालकाने आपल्या हद्दीत काढून घेण्याचा हक्क मान्य केला. मुंबई इलाख्यास हा अधिनियम १८९१ मध्ये लागू झाला. परिणाम असा झाला की, नदीचे पाणी हा सरकारच्या हिशेबाचा विषय बनला आणि विहिरीचे पाणी खाजगी राहिले. तालुका कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक उभा राहिला, कालव्याच्या मुखाशी विसर्गाची नोंद होऊ लागली; विहिरींची मात्र केवळ गणती झाली. कोष्ठागारातील कुंड आणि कचेरीतील पर्जन्यमापक यांच्यामधील नाते येथे सहज ध्यानात येते.

भूजलाच्या पद्धतशीर नोंदीस आरंभ झाला तो स्वातंत्र्यानंतर. १९५४ साली केंद्र सरकारने समन्वेषी कूपनलिका संघटना स्थापिली. १९७० मध्ये तिचे केंद्रीय भूजल मंडळ असे नामांतर झाले आणि १९७२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची भूजल शाखा तीत विलीन करण्यात आली. महाराष्ट्रात १९७० च्या दशकाच्या प्रारंभी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा कार्यरत झाली. १९७२-७३ चा दुष्काळ याच सुमाराचा. यंत्रणेने राज्याचे सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत विभाजन केले आणि निवडलेल्या निरीक्षण-विहिरींतील पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत, मोजण्याचा क्रम ठेवला. परसाच्या मोजणीहून हा क्रम तत्त्वतः वेगळा आहे. येथे प्रथमच खड्ड्याऐवजी पाणी मोजले गेले, आणि तेही काळाच्या अनुषंगाने.

तरीही पातळी म्हणजे पाणी नव्हे. मे व ऑक्टोबर यांमधील पातळीच्या फरकास क्षेत्रफळाने व खडकाच्या विशिष्ट जलउत्पादनाने गुणले असता साठ्यातील वाढ मिळते. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग दक्खनच्या बेसाल्टने व्यापलेला आहे, आणि झिजलेल्या वा सच्छिद्र बेसाल्टसाठी हे उत्पादन साधारणतः १ ते ३ टक्के धरतात. एका हेक्टरात पातळी ५ मीटर चढली, तर १ टक्का धरल्यास ५०० घनमीटर पाणी वाढले असे ठरते. ३ टक्के धरल्यास तेच १,५०० घनमीटर होते. मोजणी तीच, विहीर तीच. खडकास कोणते नाव दिले यावर तिपटीचा फरक पडतो.

याच ठिकाणी विहीर खोदणाऱ्यांच्या भाषेचे मोल प्रत्ययास येते. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, दोन थरांमधील गेरू, हे शब्द प्रदेशपरत्वे थोडेफार बदलतात. तथापि लाव्हाच्या एकावर एक पसरलेल्या थरांपैकी कोणता पाणी धरतो आणि कोणता अडवितो, हा भेद त्यांत नेमका उतरलेला आहे. काळा पाषाण कठीण, पण त्यास भेगा असतील तरच पाणी. मांजऱ्या फोडण्यास सोपा. हे ज्ञान उघड्या विहिरीच्या भिंतीवर डोळ्यांनी वाचता येत असे. विंधण विहिरीत खडकाचा भुगा वर येतो. थरांचा क्रम पाहणाऱ्याच्या दृष्टीस पडत नाही, आणि जो थर दिसत नाही त्याचे नाव बोलीत फार काळ टिकत नाही. शिवाय उथळ निरीक्षण-विहिरीची पातळी वरच्या थराचे वर्तन सांगते. उपसा मात्र अनेक ठिकाणी खालच्या थरांतून होत असतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९५ नंतर राबविलेल्या जलविज्ञान प्रकल्पात दाबमापक विंधण विहिरी घेण्यात आल्या, त्या ही उणीव अंशतः भरून काढण्यासाठीच.

या आकड्यांवर आज पुष्कळ काही अवलंबून आहे. वार्षिक उपलब्ध भूजलाशी उपशाचे प्रमाण काढून पाणलोट क्षेत्र सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित की अतिशोषित हे ठरविले जाते. पिण्याच्या पाण्याच्या रक्षणासाठी केलेला १९९३ चा अधिनियम आणि भूजलाच्या विकास व व्यवस्थापनाविषयीचा २००९ चा अधिनियम यांनी विहिरीवरील खाजगी हक्कास मर्यादा घातल्या. या मर्यादांचा आधार मोजमाप हाच आहे. ज्या शेतकऱ्यास नवी विहीर नाकारली जाते, त्याच्या दृष्टीने खडकाच्या नावातील फरक हा केवळ शास्त्रीय वाद राहत नाही.

म्हणून जलमापनाच्या अभ्यासात परिभाषेस दुय्यम स्थान देणे योग्य होणार नाही. निरीक्षण-विहिरीच्या नोंदवहीत पातळीच्या शेजारी विहिरीच्या भिंतीवरील थरांची स्थानिक नावे, त्यांच्या खोलीसह, नोंदविली गेली, तर भूवैज्ञानिकास गुणक ठरविताना आणि भाषाभ्यासकास बोलीचा नकाशा काढताना एकच नोंद उपयोगी पडेल. हे शब्द जाणणारे विहीरखोदे अद्याप गावोगावी आहेत. ‘अर्धत्रयोदश’ शब्दाचा अर्थ सांगण्यास अश्मक देशाचा कोणी उरला नव्हता. ‘मांजऱ्या’विषयी तशी वेळ येऊ देण्याचे कारण नाही.