यंत्राने जपलेली जुनी प्रत: एडलिनपासून विंडोज १० पर्यंत

१/ पुढे एमएस-डॉस म्हणून प्रसिद्धी पावलेल्या प्रणालीसाठी टिम पॅटरसन यांनी १९८० साली ‘एडलिन’ हा ओळीओळीने मजकूर दुरुस्त करणारा एडिटर लिहिला. वापरायला तो विलक्षण कंटाळवाणा होता. परंतु फाइल बदलून बाहेर पडल्यावर मूळ मजकूर नष्ट होत नसे, ‘.बॅक’ या शेपटीसह तो शिल्लक राही. ती ‘.बॅक’ फाइलच कोणी दुरुस्तीला घेतली, तर एडलिन चक्क नकार देई!

२/ या नकाराचे मोल कळायचे तर ‘कॉन्फिग.सिस’ आठवावी. डॉसची मांडणी ठरवणारी ही छोटीशी मजकूर-फाइल. तिच्यातील एक ओळ चुकली तरी संगणक सुरू होताना अडकून पडे. हाताशी बूट फ्लॉपी नसली, की सारेच खुंटले. एफ५ दाबून ही फाइल वगळण्याची सोय १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये आली.

३/ २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आले. अनेक ‘.आयएनआय’ फाइलींत विखुरलेल्या सेटिंग्ज आता मुख्यतः रजिस्ट्रीत, म्हणजे ‘सिस्टम.डॅट’ आणि ‘यूजर.डॅट’ या दोन फाइलींत एकवटल्या. साध्या एडिटरमध्ये त्या वाचता येत नसत. विंडोज यशस्वीपणे सुरू झाले, की दोहोंची एकेक प्रत ‘.डीए०’ या शेपटीने आपोआप ठेवली जाई.

४/ मेख येथेच होती. एडलिनची प्रत बदलापूर्वीची. विंडोज ९५ ची मात्र यशस्वी प्रारंभानंतरची. आणि ‘यश’ कशाला म्हणायचे, हे यंत्र ठरवणार. समजा, बदलामुळे प्रिंटर निकामी झाला, पण विंडोज सुरू झाले. यंत्राच्या लेखी हे यशच! मग शाबूत प्रतीवर बिघडलेली प्रत निमूटपणे चढे.

विंडोज एनटीमधील ‘लास्ट नोन गुड’ या सोयीचेही असेच. तिथे यशाची खूण होती लॉगिन. बिघाड लक्षात येण्याआधी वापरकर्ता आत शिरला, की परतीची वाट बंद.

५/ विंडोज ९८ ने ‘स्कॅनरेज’द्वारे दिवसाला एक, अशा पाच प्रती राखल्या. माझ्या मते या साऱ्या कथेतील सर्वांत शहाणा उपाय हाच. बिघाड उशिरा कळतो, हे त्यात गृहीत धरले होते.

६/ २००० सालच्या विंडोज एमईमध्ये ‘सिस्टम रिस्टोअर’ अवतरले. संकल्पना उत्तम, पण ८ सप्टेंबर २००१ नंतर निर्माण केलेले रिस्टोअर पॉइंट एका दोषामुळे चालेनासे झाले आणि मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती द्यावी लागली. शिवाय जपलेल्या फाइलींत व्हायरस असला, तर तोही तितक्याच निष्ठेने जपला जाई.

७/ विंडोज १० मध्ये रजिस्ट्रीच्या प्रती ‘रेगबॅक’ फोल्डरमध्ये आपोआप साठत. २०१८ च्या १८०३ आवृत्तीपासून डिस्कवरील जागा वाचवण्यासाठी हे बंद झाले. हा दोष नसून हेतुपूर्वक केलेला बदल आहे, असे कंपनीने स्पष्ट केले. अडचणीत या फोल्डरकडे धावलेल्यांना तेथे फाइली दिसल्या खऱ्या, पण आकार शून्य केबी.

ही सोय पुन्हा सुरू करता येते. त्यासाठी रजिस्ट्रीतच हाताने एक नवी नोंद करावी लागते.