मिळेल त्या भागांतून: टंचाईच्या काळातले हौशी रेडिओवाले

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की इतिहासाच्या व्याख्यानात कंडेन्सर आणि ट्रान्झिस्टर कुठून आले? टंचाईचा इतिहास आपण नेहमी धान्याचा, रॉकेलचा, फार तर टेलिफोनचा सांगतो. घरी बसून स्वतःच्या हातानं रेडिओ बांधणारा माणूस त्यात येत नाही. आज आपण त्याच्याकडे बघणार आहोत. पहिला प्रश्न साधा आहे: हवा तो भाग बाजारात नाही, तेव्हा ही माणसं काय करायची? दुसरा जरा अवघड आहे: त्या टंचाईनं त्यांना खरंच शहाणं केलं, का आपण मागाहून तसं म्हणतो?

सुरुवात १९४७ पासून करू. त्या वर्षी आयात-निर्यात नियंत्रणाचा कायदा आला. परकीय चलन तुटपुंजं, म्हणून बाहेरून काय आणायचं आणि कुणी आणायचं हे सरकार ठरवणार. कारखान्याला परवाना मागता येत होता, कारण त्याला उत्पादन दाखवता येत होतं. हौशी माणूस काय दाखवणार? त्याला हवेत चार व्हॉल्व्ह, आणि तेही एकदाच. अशा गिऱ्हाइकासाठी अर्जात रकानाच नव्हता. पुढे जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना गेला आणि जे थोडंफार येत होतं तेही महागलं.

देशात काहीच बनत नव्हतं, असं मात्र नाही. बेंगळुरूला १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स सुरू झाली. १९६१ पासून तिथे रेडिओचे व्हॉल्व्ह आणि १९६२ पासून जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनू लागले. पण या कारखान्याची उभारणीच मुळी संरक्षण दलांच्या गरजेसाठी झालेली. हौशी माणूस रांगेत सगळ्यात शेवटी.

मग हा शेवटचा माणूस काय करत होता? आमच्या मते त्याचे तीन मार्ग होते. ते एकामागून एक बघू, कारण प्रत्येक मार्गाला लागणारं ज्ञान वेगळं आहे.

पहिला मार्ग भंगाराचा. दुसरं महायुद्ध संपलं आणि सैन्याची वायरलेस सामग्री डिस्पोजलमध्ये निघाली. रिसीव्हर, ट्रान्समीटर, क्रिस्टल, मीटर, सगळं वजनावर. मुंबईत चोर बाजार आणि लॅमिंग्टन रोड, पुण्यात जुना बाजार, ही या मंडळींची विद्यापीठं. ८०७ नावाचा व्हॉल्व्ह तर हॅम मंडळींचा लाडका. मुळात तो ६ एल ६ या ध्वनिवर्धकातल्या व्हॉल्व्हचा भाऊच, फक्त प्लेटची जोडणी डोक्यावर. त्यामुळे लाउडस्पीकरच्या अँप्लिफायरलाही चालायचा आणि ट्रान्समीटरलाही.

क्रिस्टलची गोष्ट आणखी मजेची आहे. युद्धातले एफटी-२४३ जातीचे क्रिस्टल तीन स्क्रू काढले की उघडत. आत क्वार्ट्‌झची चौकोनी चकती. तिची फ्रिक्वेन्सी हौशी बँडच्या थोडी खाली असली तर? काचेवर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घ्यायचं आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखी चकती फिरवायची. चकती पातळ झाली की फ्रिक्वेन्सी चढते. घासायचं, धुवायचं, मोजायचं, परत घासायचं. जास्त घासली गेली, तर शिसपेन्सिल हलकेच फिरवायची. त्या ग्राफाइटच्या वजनानं फ्रिक्वेन्सी थोडी उतरते. हे सगळं स्वयंपाकघराच्या ओट्यावर चालायचं, आणि चकती फुटली की महिन्याचा हातखर्च गेला.

दुसरा मार्ग पर्यायाचा. मासिकं बहुतेक ब्रिटनची. त्यातल्या मंडलात ओसी ७१ नाही तर ओसी ४४ लिहिलेला. इथे मिळणार एसी १२८, आणि नंतर सिलिकॉनचे एसएल १०० नाही तर बीसी १४७. नुसता एक काढून दुसरा लावला तर चालतो का? नाही चालत. जर्मेनियमला बेसवर साधारण ०.२ ते ०.३ व्होल्ट पुरतात, सिलिकॉनला ०.६ ते ०.७ लागतात. म्हणजे बायसचे रेझिस्टर बदलणं आलं. त्यातून जुने जर्मेनियम बहुतेक पीएनपी आणि स्वस्तात मिळणारे सिलिकॉन एनपीएन. मग बॅटरी उलटी, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर उलटे, डायोडही उलटा. एक भाग बदलायला निघालेला मुलगा संपूर्ण मंडल समजून घेऊनच उठायचा. १९६९ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ सुरू झालं आणि इथे मिळणाऱ्या भागांवरची मंडलं छापून येऊ लागली, तेव्हा कुठे हा भाषांतराचा त्रास कमी झाला.

ट्रान्सफॉर्मरचंही तसंच. नवा परवडत नाही, मग जुन्या जळक्या ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या सोडवून घ्यायच्या. गाभ्याचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये मोजायचं आणि ४५ ला त्यानं भागायचं. येईल तेवढे वेढे दर व्होल्टला. गाभा ९ चौरस सेंटिमीटर असेल, तर व्होल्टला ५ वेढे. २३० व्होल्टसाठी ११५० वेढे, हातानं, मोजत. मध्ये कुणी हाक मारली की मोजणी परत पहिल्यापासून.

तिसरा मार्ग सगळ्यात महत्त्वाचा, तो म्हणजे मंडलच बदलायचं. याचं उत्तम उदाहरण मात्र परवाना राज संपल्यानंतरचं आहे. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘बिट्एक्स’ नावाचा ट्रान्सीव्हर मांडला. आयात खुली झालेली होती, तरी गुंडाळीसाठी लागणारे ठरावीक फेराइटचे टोरॉइड गावच्या दुकानात मिळत नव्हतेच. फरहान यांनी काय केलं? नळाचे वॉशर घेतले आणि त्यावर तार गुंडाळली. रुंद बँडच्या ट्रान्सफॉर्मरला टीव्हीच्या बलूनचे गाभे. फिल्टरला एकाच फ्रिक्वेन्सीचे साधे, स्वस्त क्रिस्टल. बोलताना आणि ऐकताना तेच टप्पे दोन्ही दिशांनी वापरले, म्हणजे भागच कमी लागले. हा सेट परदेशातल्या हॅम मंडळींनीही बांधला, कारण नळाचा वॉशर सगळीकडे मिळतो.

इथे थोडं थांबू. हे सगळं ऐकून टंचाई फार छान वाटायला लागते. ‘आमच्या वेळी काही मिळत नव्हतं, म्हणून आम्ही शिकलो’, हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. ते अर्धं खरं आहे. ज्यांनी शिकून दाखवलं तेच आज बोलायला समोर आहेत. तालुक्याच्या गावातल्या ज्या मुलाला लॅमिंग्टन रोडचं तिकीटच परवडलं नाही, त्यानं सोल्डरिंगची इस्त्री कायमची ठेवून दिली. तो आज व्याख्यानाला येत नाही. ज्याचा मामा जहाजावर होता, त्याच्या डब्यात ट्रान्झिस्टर होते. ज्याचा नव्हता, त्याच्या वहीत फक्त मंडलं होती. मुलींचं तर विचारायलाच नको, जुन्या बाजारात त्यांना पाठवणार कोण? टंचाई ही शाळा होती हे मान्य. पण तिची फी सगळ्यांना सारखी नव्हती.

आता अलीकडचं. आपल्याला वाटलं होतं, हे सगळं संपलं. मग २०२० ते २०२२ ही वर्षं आली. साथीत मागणीचे अंदाज कोसळले आणि लगेच उसळले. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानच्या नोबेओका इथल्या चिप कारखान्याला आग लागली, फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासच्या थंडीनं तिथले कारखाने थांबले, मार्चमध्ये जपानमध्येच नाका इथे दुसरी आग. एसटीएम३२ सारखे रोजचे मायक्रोकंट्रोलर मिळेनासे झाले. रास्पबेरी पायच्या बोर्डाची किंमत वाढली, आणि त्या किमतीलाही मिळेना. रांग तीच: मोटारीचे कारखाने पुढे, हौशी माणूस शेवटी.

पण एक फरक होता, आणि तो आम्हाला काळजीचा वाटतो. रेझिस्टरच्या जागी रेझिस्टर बसतो. मायक्रोकंट्रोलरच्या जागी दुसरा बसवायचा, तर पाय वेगळे, प्रोग्राम वेगळा, बोर्ड नवा. बाजारात नावं खोडून छापलेल्या नकली चिपाही फिरत होत्या. तरी ज्यांनी आपला प्रोग्राम एका चिपेला बांधून ठेवला नव्हता, ते जानेवारी २०२१ मध्ये ४ डॉलरला आलेल्या पिको बोर्डावर सरकू शकले. म्हणजे तोच जुना तिसरा मार्ग: भाग मिळत नसेल तर मंडल बदला. पण बदलायचं तर मंडलातला प्रत्येक भाग तिथे का आहे, हे ठाऊक असायला हवं. नुसती जोडणी उतरवून घेणाऱ्याला ते जमत नाही.

म्हणून शेवटी एक विनंती. त्या पिढीचं हे ज्ञान पुस्तकात फारसं नाही. कशाऐवजी काय चालतं, कुठला रेझिस्टर किती बदलायचा, हे शंभर पानी वह्यांत पेन्सिलीनं लिहिलेलं आहे. त्या वह्या माळ्यावर आहेत, आणि घर रिकामं करताना रद्दीत जातात. कायदे आणि समित्यांचे अहवाल अभिलेखागारात सापडतील. टंचाई प्रत्यक्ष भोगली कशी, हे तिथे सापडणार नाही. तुमच्या घरी अशी वही असेल, तर तिच्या पानांचे फोटो काढून ठेवा. आणि वहीचा मालक हयात असेल, तर शेजारी बसून विचारा, की हा आकडा खोडून दुसरा का लिहिला. या इतिहासातला बराचसा भाग त्या खोडलेल्या आकड्यांत आहे.

आता प्रश्न घेऊ.