सगळ्यात जास्त स्कोअर म्हणजे बरोबर उत्तर नव्हे

पीएचडीच्या पहिल्या वर्षी, इथे कोल्हापुरात, मी दोन अलाइनमेंट प्रोग्रामची तुलना केली. ज्याचा स्कोअर जास्त तो अचूक, असं लिहून गाइडना दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तपासलंस कशावरून? मॉडेल आन्सर कुठंय?" ते माझ्याकडे नव्हतंच. तीन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

पण ही चूक माझी एकट्याची नाही. 1970 मध्ये नीडलमन आणि वुन्श यांनी दोन प्रथिनांचे क्रम एकाखाली एक जुळवायची पद्धत दिली. 1981 मध्ये स्मिथ आणि वॉटरमन यांनी त्यांतले फक्त सारखे तुकडे शोधायची. दोन्ही पद्धती सर्वाधिक स्कोअरची हमी देतात, पण स्कोअरचे नियम आपणच ठरवलेले असतात. गॅपचा दंड बदलला की 'सर्वोत्तम' जुळणीही बदलू शकते.

पुढे अनेक क्रम एकदम जुळवायचे म्हटल्यावर अशी हमी परवडेना. 1994 च्या क्लस्टल-डब्ल्यूसारखे जवळच्या वाटेने जाणारे प्रोग्राम आले. मग खरा कोण?

याच क्लस्टल-डब्ल्यूच्या पहिल्या लेखिका ज्युली थॉम्पसन यांनी 1999 मध्ये सहकाऱ्यांसह बॅलीबेस हा संच काढला. प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांच्या आधारे जुळवून, हाताने तपासलेल्या 142 जुळण्या त्यात होत्या. क्रम बदलले तरी रचना जास्त काळ टिकते, म्हणून हा पुरावा बाहेरचा. त्यावर दहा प्रोग्राम तपासले, तेव्हा सगळीकडे जिंकणारा एकही निघाला नाही.

बाहेरच्या पुराव्याचं मोल आपल्याकडेही दिसलं होतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेत सुकथनकरांनी हस्तलिखितं शब्दागणिक ताडून महाभारताचं आदिपर्व संपादित केलं. ते 1933 मध्ये पूर्ण झालं. नंतर नेपाळमधलं एक जुनं हस्तलिखित हाती आलं. संपादनात ते वापरलेलं नव्हतं, तरी त्यांच्या अनेक पाठांना त्याने दुजोरा दिला. परीक्षा म्हणतात ती ही!

अर्थात मॉडेल आन्सरही चुकू शकतं. मसल हा प्रोग्राम लिहिणाऱ्या रॉबर्ट एडगर यांनी 2010 मध्ये अशा संचांच्याच दर्जावर बोट ठेवलं.

म्हणून थिसिसमध्ये 'अचूक' लिहिण्याआधी एक ओळ लिहा: कशाच्या तुलनेत? ती जमली नाही, तर तक्ता अजून तयार नाही.