कळण्याची भाकर आणि म्हातारपणाचे बळ

जळगाव-धुळ्याकडे वांग्याच्या भरितासोबत आज कौतुकाने वाढली जाणारी कळण्याची भाकर पूर्वी रोजच्या जेवणातली होती. ज्वारीत सालीसकट काळे उडीद आणि थोडे मीठ घालून दळले, की झाला कळणा. बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून कित्येक घरांत तो ‘कयना’. या मिश्रणाचे मूळ शेतात आहे. खरिपात ज्वारी-बाजरीच्या आणि कापसाच्या ओळींत उडीद, मूग, तूर पेरायची रीत होती. शेतात शेजारी वाढलेली धान्ये जात्यात एकत्र आली. त्यामुळे डाळ शिजो वा न शिजो, कडधान्य भाकरीतूनच पोटात जाई, आणि ते घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही चुकत नसे.

उतारवयात स्नायू झिजतात, त्याला 1989 साली आयर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिले. आता वयस्कांना वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने घ्या, असे तज्ज्ञ सांगतात. शंभर ग्रॅम ज्वारीत प्रथिने सुमारे 10 ग्रॅम, उडदात सुमारे 22. चार भाग ज्वारीला एक भाग उडीद धरले, तर पिठातली प्रथिने जवळपास पावपटीने वाढतात. शिवाय ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. ती उणीव उडीद भरून काढतो. पुढे नगदी पिके वाढली, रेशनचा गहू आला, ताटात पोळी रुळली आणि कळणा सणावाराच्या, पाहुणचाराच्या पंगतीत जाऊन बसला.

कोणी म्हणेल, ही गरिबीची सोय होती, तिला आहारशास्त्राचा मान कशाला? सोय होती हे खरेच. पण सोयीतून जडलेली सवय गुणकारी असू शकते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जुन्या माणसांचे बळ कष्टातून आले, भाकरीतून नव्हे. कष्टाशिवाय स्नायू टिकत नाहीत, हे मान्यच. पण झिजलेले भरून काढायला प्रथिनेच लागतात. आणि एकट्या कळण्याने भागतही नाही. पन्नास किलोच्या आजीला 50 ते 60 ग्रॅम प्रथिने हवीत. दोनशे ग्रॅम पिठातून मिळतात जेमतेम 25. उरलेली दूध, दही, वरण, शेंगदाणे, चालत असतील तर अंडी यांतून यायला हवीत. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारूनच. दात नसतील, तर भाकर वरणात कुस्करावी. पाहुण्यांसाठी दळतो तो कळणा घरातल्या म्हाताऱ्यांच्या रोजच्या ताटात परत आणणे, हाच या वारशाचा खरा मान.